कागदाची कॉलर
भिवंडीत आमचं मोटर भरायचं दुकान होतं. लूमवरच्या जळालेल्या मोटरी यायच्या. आमचे हे तांब्याची तार भरायचे, कागद मी कापायचे. मोटरीच्या लोखंडात खाचा असतात. खाचेत आधी कागद, मग तार. तार लोखंडाला शिवली की लोखंडात करंट उतरणार, संपलं. म्हणून कागद थोडा लांब कापून त्याची टोकं बाहेर दुमडायची. त्याला आम्ही कॉलर म्हणायचो.

जुना तपकिरी कागद ओल प्यायचा. भरलेली मोटर बल्ब लावून सुकवत बसावं लागे. बहात्तर-त्र्याहत्तरच्या सुमारास प्लॅस्टिकसारखा गुळगुळीत कागद आला. पाणी टाकलं तरी पीत नव्हता. मी खूश! पण मेला दुमडायला तयार नाही, कॉलर केली की सटकन उलगडायची. ह्यांनी सांगितलं, गरम इस्त्रीने दाब. कोण एवढी कटकट करणार? इतक्या चिवट कागदातून करंट जातोय कशाला, म्हणत मी एका मोटरीला कॉलर नावापुरतीच ठेवली. माझं काम हे तपासत नसत, एवढा भरवसा. तार आणि लोखंड यांच्यात दिवा लावून पाहिला, पेटला नाही, म्हणजे लोखंडात करंट उतरत नव्हता. मोटर कारखान्यात परत गेली.

महिनाभराने कारखान्यातून माणूस धावत आला. ती मोटर बसवलेल्या लूमवरचा कारागीर करंट लागून लोखंडाला चिकटला होता. शेजारच्याने मेन स्विच पाडला म्हणून जीव वाचला.

ह्यांनी मोटर उघडली. खाचेच्या तोंडाशी कापसाचं तूस, तेल आणि ओल यांचा काळा थर साचला होता. कागद मात्र धड होता, कॉलर तेवढी उलगडलेली.

"बग, करंट कागदातून न्हाय गेला. कडेवरून गेला," हे म्हणाले. कारखान्याच्या मालकाला त्यांनी सांगितलं, "चूक माझी हाय." मी तिथेच उभी होते आणि गप्प राहिले. लूमची अर्थिंगची तारही तुटलेली होती, ती सबब मी मनाशी घट्ट धरून ठेवली. लाज वाटते आज.

पाचव्या दिवशी मी त्या कारागिराच्या खोलीवर गेले. उजव्या हाताची दोन बोटं आखडली होती. तुटलेल्या धाग्याला गाठ मारणं आता जमणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. ज्याचं पोट गाठीवर, त्याला हे!

"भैया, वो कागज मैंने काटा था," मी म्हणाले आणि रडायलाच लागले.

मला वाटलं, आता शिव्या घालेल. घालायलाच हव्या होत्या.

"वही मोटर फिर से भर रहे हो ना, भाभी?" त्याने विचारलं.

मी होकारार्थी मान डोलावली.

"ठीक से काटना. उस लूम पे अब मेरा छोटा भाई आ रहा है."