डावीकडची सीट

पाडव्याच्या दिवशी, भर मुहूर्तावर, विश्वजित तुपेने करमाडच्या आप्पासाहेब दांडग्यांना दुसऱ्याचीच गाडी देऊन टाकली.

चूक तशी साधी होती. जालना रोडवरच्या त्या शोरूममधून त्या सकाळी बऱ्याच गाड्या जायच्या होत्या. त्यातल्या दोन एकाच मॉडेलच्या, एकाच पांढऱ्या रंगाच्या, आणि दोन्हींच्या किल्ल्या फळ्यावर शेजारी-शेजारी टांगलेल्या. विश्वजितने घाईत शेजारची ओढली, गाडी पुढे आणून उभी केली, वर लाल सॅटिनचं कापड टाकलं, नंबरप्लेटवर झेंडूची माळ सोडली आणि पुठ्ठ्याची हातभर किल्ली छातीशी धरून हसत उभा राहिला. हसण्यात तो शोरूममध्ये पहिला होता.

दांडग्यांकडची वीसेक माणसं आली होती, सोबत गावचे गुरुजी. शोरूमचा केक त्यांनी बाजूला सारला आणि आपलं रीतसर सुरू केलं. संकल्प झाला, गोत्र झालं, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक निघालं, चार चाकांखाली चार लिंबं गेली. आप्पासाहेबांच्या मंडळींनी, आशाबाईंनी, गाडीची दृष्ट काढून कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. नारळ फुटला, लिंबं चिरडली, टाळ्या पडल्या. आणि तेवढ्यात दारातून वैदेही सेलूकर आपल्या आईला घेऊन आत आली.

वैदेही बँकेत अधिकारी. आकडा एकदा पाहिला की तो तिच्या डोक्यातून निघत नसे. तिने ती झेंडूची माळ एका बोटाने उचलली, खालचा नंबर वाचला आणि शांतपणे विचारलं, "ही माझी गाडी आहे. हिच्यावर यांनी स्वस्तिक का काढलंय?"

विश्वजितने फळ्याकडे पाहिलं. मग पुठ्ठ्याच्या किल्लीकडे पाहिलं. ती तेवढी दोघांनाही चालण्यासारखी होती.

पुढचा तासभर शोरूममध्ये पंचायत बसली. आप्पासाहेब म्हणाले, "पूजा झालेली गाडी सोडून जायची व्हय? ही आता आमची. तुमचे कागद बदला." वैदेहीची आई, सरोजिनीबाई, पदर सावरून म्हणाल्या, "दुसऱ्याच्या गोत्राचा संकल्प झालेल्या गाडीत मी पाय ठेवणार नाही." मॅनेजर शंतनू सरांनी गुरुजींनाच बाजूला घेऊन विचारलं, की झालेला संकल्प मागे घेता येतो का. गुरुजींनी विचार करून सांगितलं, "मागं घेता येत नाय. दुसरा करता येतो. दक्षिणा वेगळी पडंल."

शेवटी सगळं निस्तरायचं काम विश्वजितच्या तोंडाकडे आलं. त्याने आप्पासाहेबांसाठी शोरूमच्या खर्चाने दुसरी पूजा मांडली. सरोजिनीबाईंना म्हणाला, "आजी, उलट तुमच्या गाडीला एक पूजा फुकटात जास्तीची मिळाली."

"काकू म्हण," सरोजिनीबाई म्हणाल्या.

आणि वैदेहीला म्हणाला, "मॅडम, तुम्हाला गाडी चालवायला मी स्वतः येऊन शिकवतो. रोज सकाळी. हात बसेपर्यंत."

शोरूममध्ये असं वचन म्हणजे आल्या-आल्या हातात दिलेला पाण्याचा पेला. देणारा विसरतो, पिणाराही विसरतो. वैदेही विसरली नाही. सोमवारी कोंबडं आरवायच्या सुमारास फोन आला. "विश्वजित, मी खाली उभी आहे. तुम्ही कुठे आहात?"

तो मुकुंदवाडीत भाड्याच्या दोन खोल्यांत, अंथरुणात होता.

विश्वजित मूळचा फुलंब्रीचा. शाळा तिथलीच. शहरात येऊन गाड्या विकायला लागल्यापासून त्याला दोन मराठी येत होत्या. शोरूममधली, "काय घेणार सर, चहा की कॉफी" अशी इस्त्रीची. आणि घरातली, "तनुजा, टावेल कुठंय गं" अशी. दिवसभर पहिली बोलून संध्याकाळी जबडा दुखायचा. सेल्सचं गणितही विचित्र. महिनाअखेरीला माणूस हिरो असतो, एक तारखेला सकाळी दहाच्या मीटिंगमध्ये पुन्हा शून्य. गेलं वर्षभर त्याला रात्री मधूनच जाग यायची आणि तो पडल्या-पडल्या नवीन धंदा काढायचा. अळिंबीची शेती, शेळीपालन, चहाची फ्रँचायझी, पुन्हा एकदा स्पर्धा परीक्षा.

तनुजा, त्याची बायको, एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायला होती. ती म्हणायची, "तुझे सगळे धंदे जेवणाच्या ताटावर सुरू होतात आणि हात धुतला की बंद पडतात."

तर त्या सोमवारी तो तोंड धुवून मोटारसायकलवर सिडकोत पोचला. खाली गाडी उभी होती, वैदेही उभी होती, आणि मागच्या सीटवर सरोजिनीबाई आधीच बसलेल्या होत्या.

"काकू, तुम्ही तर बसणार नव्हता."

"गोत्राचं मी बघून घेतलं. गोमूत्र शिंपडलं. पण ही एकटी तुझ्याबरोबर जायची नाही."

विश्वजित डावीकडे बसला. गाडीत तो आजवर शेकडो वेळा बसला असेल, पण डावीकडे बसून दुसऱ्याच्या हातात गाडी दिली ती टेस्ट ड्राईव्हलाच. त्यामुळे तोंड सुटलं ते त्याच वळणाने. "बघा मॅडम, हिचा क्लच लोण्यासारखा आहे. या सेगमेंटमध्ये असा क्लच..."

"विश्वजित," वैदेही समोर बघत म्हणाली, "मी गाडी घेतली आहे. आता विकू नका."

तो गप्प बसला. गप्प बसल्यावर काय करायचं ते त्याला कळेना. मग पहिल्यांदाच त्याने तिच्या पायांकडे पाहिलं आणि त्याच्या लक्षात आलं, की ती क्लच टाचेने दाबतेय.

असे दिवस गेले. मागून सरोजिनीबाईंचं समालोचन चालू असे. "कुत्रं आलं. रिक्षा आली. वैदेही, तो बाई-माणूस बघून मुद्दाम जवळून गेला." विश्वजित बोलायचा कमी-कमी झाला. एका शब्दात काम भागतं हे त्याला नवीनच होतं. "सोडा." "थोडं." "आता." नऊच्या आत तो परत येऊन टाय बांधायचा, आणि टाय बांधला की सकाळचं ते काहीतरी हळूहळू विरघळून जायचं. नेमकं काय, ते त्याला तनुजालाही सांगता येईना.

"प्रेमात पडलास का त्या मॅडमच्या?" तनुजाने एकदा पोळी लाटता-लाटता विचारलं.

"मागं त्यांची आई बसलेली असती."

"मग आईच्या?"

एकदा सेव्हन हिलच्या पुलावर चढावरच सिग्नलची रांग लागली. वैदेहीची गाडी बंद पडली. मागे सळया भरलेला ट्रक, त्याने हॉर्नवर हात ठेवला तो काढेचना. वैदेहीने पुन्हा किल्ली फिरवली, गाडी हातभर मागे सरकली, तिने ब्रेक दाबून धरला आणि तो सोडेचना. मागे सरोजिनीबाईंनी पुढची सीट दोन्ही हातांनी धरली.

विश्वजितच्या जिभेवर तयार वाक्य आलं होतं. काही होत नाही मॅडम, बिनधास्त. हे वाक्य त्याने इतक्यांदा वापरलं होतं, की ते आपोआप बाहेर पडायचं. त्याने ते गिळलं.

"मागं सरकणार," तो म्हणाला. "थोडी सरकणारच. पहिल्यांदा सगळ्यांची सरकते. मी मागच्याला थांबवतो, तुम्ही तुमच्या वेळानं काढा." आणि दार उघडून तो खाली उतरला, ट्रकच्या पुढ्यात जाऊन दोन्ही हात पसरून उभा राहिला.

ट्रकवाल्याने मान बाहेर काढली. "मरना है क्या मियाँ?"

"अरे चाचा, नई गाडी है, नई मॅडम है. एक मिनट दम धरो."

गाडी एकदा बंद पडली, दुसऱ्यांदा बंद पडली, तिसऱ्यांदा हुंकार देऊन चढून गेली. तिला थांबणं शक्यच नव्हतं. विश्वजितला पूल उतरेपर्यंत टाय नसलेल्या शर्टात मागे पळत जावं लागलं. खाली पोचला तेव्हा वैदेही हसत होती की रडत होती हे नीट दिसेना, आणि सरोजिनीबाई त्याला पाण्याची बाटली देत म्हणाल्या, "बस आता. घाम पूस."

वैदेहीच्या बँकेतून मग दोघींचे फोन आले. दोघींच्याही गाड्या कव्हर घालून उभ्या होत्या. त्यातली एक विश्वजितनेच विकलेली. "तुम्ही म्हणाला होतात, सायकल येते ना, मग झालं," तिने त्याला आठवण करून दिली. कव्हरखाली मांजर व्यायलं होतं.

जूनमध्ये शंतनू सरांनी केबिनमध्ये बोलावलं. टीम लीडरची जागा रिकामी होती. काचेची खोली, पगारात वाढ, हाताखाली पोरं. "शनिवारपर्यंत हो म्हण," सर म्हणाले. विश्वजित तिथेच हो म्हणाला असता, पण 'शनिवारी सांगतो' म्हणून बाहेर आला. त्या आठवड्यात तो घरात नुसता फिरत होता. खिडकीपाशी जायचा, गॅसपाशी जायचा, फ्रिज उघडून बघायचा आणि काही न घेता बंद करायचा.

मुकुंदवाडीत लक्ष्मणमामांची मोटार ट्रेनिंग स्कूल होती. एक गाडी, दोन्हीकडे ब्रेक, छतावर पिवळी पाटी. मामा थकले होते, शिकवायला माणूस शोधत होते. विश्वजित शुक्रवारी तिथे जाऊन बसला.

"गाडी शिकवली किती जणांना?" मामांनी विचारलं.

"एकीला. दोघी चालू आहेत."

"आणि विकल्या किती?"

"तीनशेच्या वर असतील."

मामांनी विडी विझवली. "म्हणजे तीनशे जणं रस्त्यावर सोडले आणि शिकवलं एकीला. लई उपकार केले गावावर." मग पगाराचा आकडा सांगितला. तो ऐकून विश्वजित उठला आणि घरी न सांगता झोपला.

शनिवारी सकाळी शोरूममध्ये एक जोडपं आलं. सगळ्यात लांब गाडी त्यांच्या मनात भरली होती, चेक लिहायचाच बाकी होता. नवरा सहज म्हणाला, "आमच्या गल्लीत वळेल ना ही?" याचं उत्तर ठरलेलं होतं, 'आरामात सर'. विश्वजितने विचारलं, "गल्ली कोणती?" गल्ली जुन्या शहरातली निघाली. ती त्याला माहीत होती. कोपऱ्यावर विजेचा खांब होता.

"नाही वळणार," तो म्हणाला. "लहान घ्या. नाहीतर रोज खांबापाशी रडाल."

जोडपं विचार करतो म्हणून गेलं, ते गेलंच. शंतनू सर काचेतून बघत होते.

"तू कस्टमरला नाही म्हणालास?"

"गल्ली अरुंद आहे सर."

"गल्ली त्याची आहे. टार्गेट आपलं आहे."

विश्वजितने कोरा बुकिंग फॉर्म परत गठ्ठ्यात ठेवला. टीम लीडरचा विषय त्यानेही काढला नाही आणि सरांनीही. दोघांनी एकमेकांना बराच वेळ वाचवला.

तनुजाने मामांचा आकडा ऐकला आणि भांडं आपटलं नाही, हे जास्त वाईट होतं. "घरभाडं कोण देणार?"

"तू. थोडे महिने."

"मी रक्त काढायचं आणि तू गाडीत बसून हिंडायचं."

"डावीकडं बसून."

"दिवाळीपर्यंत बघते," ती म्हणाली. "मग टाय बांधून परत जायचं. जीभ तुझी तशीच हाय, कुणीबी घेईल."

शोरूम सोडून तो मामांकडे लागला. पहिले दोन महिने वाईट गेले. सकाळी दहा वाजले की मीटिंगला उशीर झाल्यासारखा त्याचा हात टाय शोधत गळ्याशी जायचा. रस्त्यात शोरूमची नवी गाडी दिसली की कुणी विकली असेल, हा विचार यायचा. फुलंब्रीला गेला तर चुलते विचारायचे, "काढलं का रे कामावरून?" मामांच्या गाडीत पोरं शिकायला यायची, ती पहिल्याच दिवशी स्पीड मागायची. खरं काम सुरू झालं ते स्वतःच्या गाड्या घेऊन आलेल्या बायकांमुळे. एकीने दुसरीला सांगितलं. दसऱ्याला नव्या गाड्या निघाल्या तशा रांगा लागल्या. दिवाळीत तनुजाने टायचा विषय काढला नाही. तिने स्वतःच लॅबमधल्या डॉक्टरीणबाईंना नंबर दिला आणि वर सांगितलं, "बोलतो जास्त. गप्प बसा म्हणायचं."

याच सुमारास, सीताफळाच्या दिवसांत, ते घडलं. करमाडच्या अलीकडे जालना रोडला एका कडुलिंबाखाली साळूबाई सीताफळं घेऊन बसायची. विश्वजित त्या डॉक्टरीणबाईंना रिव्हर्स शिकवत होता. "येऊ द्या, येऊ द्या," तो म्हणत राहिला आणि बघत राहिला भलत्याच आरशात. मागे कडकन आवाज झाला. साळूबाईचं रिकामं प्लास्टिकचं कॅरेट चाकाखाली चपटं झालं होतं.

विश्वजितने पाकीट काढलं. साळूबाईने हात हलवला.

"पैशाला काय करू? ते आडत्याचं हाय. त्याच्या नावाचं. रिकामं परत दिल्याबिगर तो म्होरलं भरून देत नाय."

"मावशी, उद्या आणून देतो. त्याच आडत्याचं."

हे त्याने अगदी जुन्या सवयीने म्हटलं, त्या पाण्याच्या पेल्यासारखं. पण जाधववाडीच्या मार्केटात तो दुसऱ्याच दिवशी गेला. त्या आडत्याचं निळं कॅरेट पांढऱ्या नावासकट मिळवायला त्याला अर्धी सकाळ लागली. आडत्याचा माणूस संशयाने विचारत होता, की माल कुठंय. कॅरेट मोटारसायकलला मागे बांधून तो लिंबापाशी पोचला तर साळूबाई नव्हती. पुढच्या दिवशीही नव्हती. मग सीताफळंच संपली. करमाडात विचारलं, तर पारावरचे म्हणाले, "कोणती साळूबाई? हितं तीन-चार हायत. अन् फळावाली कदाचित तिकडल्या वाडीची असंल."

कॅरेट मुकुंदवाडीच्या खोलीत आहे. तनुजाने त्यात कांदे भरायला काढले, तर त्याने भरू दिले नाहीत.

"आता साऱ्या जिल्ह्यात फिरणार हायस का ते घेऊन?" तिने विचारलं. त्याने कॅरेट उचलून दारामागे ठेवलं. अजूनही करमाडकडे शिकवायला निघाला की कडुलिंब दिसताच तो खाली कुणी बसलंय का बघत हलकेच म्हणतो, "जरा हळू." शिकणाऱ्या बाई घाबरून ब्रेक दाबतात. त्यांना वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं.