शैलाच्या बॅगेतल्या दोन पँट

हे मी बायकोला सांगितलेलं नाही, पोरीला नाही, आणि कट्ट्यावर ज्यांच्यापुढं रोज तोंड सुटलेलं असतं त्या दोस्तांनाही नाही. आज तुम्हाला सांगतोय—का, ते विचारू नका. माझं मलाच नीट माहीत नाही.

आमची प्राजू चेन्नईला नोकरीला असते. मे महिन्यात तिच्याकडं जायचं ठरलं आणि तिनं आईला फोनवरच दम भरला—साड्यांचं बोचकं आणायचं न्हाय, इथं घामानं जीव जातो. दोन पँट, चार शर्ट, एक ओढणी आण. सगळं सगळ्यावर चाललं पाहिजे.

शैलानं, म्हणजे माझ्या बायकोनं, ते फारच मनावर घेतलं. कबनूरला तिच्या भावाचे माग आहेत. तिथनं सुती कापड आणलं आणि शिंप्याच्या डोक्यावर बसून दोन पँट शिवून घेतल्या. एक पांढरी, एक गर्द निळी. मग रोज दुपारी पलंगावर कपड्यांचा पत्त्यांसारखा डाव मांडायची. निळीवर पिवळा शर्ट, पांढरीवर पण तोच. ओढणी कधी गळ्यात, कधी खांद्यावर. "अहो, बघा की, एवढ्याशा बॅगेत आठवडा निघतोय." पन्नाशीची बाई, पण चेहरा असा की कॉलेजच्या सहलीला निघालीय. लई गोड दिसायची तेव्हा. म्हणूनच तर हे सांगणं जड जातंय.

निघायच्या दिवशी ती शेजारी किल्ली द्यायला गेली. मी बॅगेतनं दोन्ही पँट काढल्या आणि गाद्यांच्या चळतीखाली सारल्या.

का? लोक काय म्हणतील म्हणून—असं मी स्वतःला बरेच दिवस सांगितलं. माझ्या आईच्या नावावर खपवता आलं असतं, पण आईच तर म्हणाली होती, "शैले, झ्याक दिसतीस की गं." मग का? अहो, आदल्या दिवशी ती पांढरी पँट घालून आरशापुढं उभी होती आणि तिच्या मागं मी दिसलो. सुटलेलं पोट, पिकलेल्या मिशा. तिचा काका वाटलो असतो. एवढंच. जळलो मी—स्वतःच्या बायकोवर.

चेन्नईत तिनं बॅग परत परत उपसली. शर्ट सगळे कमरेपर्यंतचे, घालणार कशावर? प्राजू म्हणाली, चल आई, दुसऱ्या घेऊ. पण शैलाचं मनच उडालं. "नको बाई. माझ्याच डोक्यात काय राहत न्हाय." देवळासाठी घेतलेली काठाची साडी आणि प्रवासातला ड्रेस, यावर तिनं सगळे दिवस काढले. समुद्रावर त्या जड साडीत घामानं निथळत उभी होती, आणि पदरानं वारा मलाच घालत होती. मी घालू दिला.

घरी आल्यावर तरी सांगायचं की नाही? मी काय केलं—ती चहा ठेवायला गेली तशा पँट गादीखालनं काढून कपाटात वरच नेऊन ठेवल्या. तिला सापडल्या. "इथंच राहिल्यात बघा," म्हणून हसली. मीपण हसलो.

पण तिचं हसणं टिकलं नाही. तिची आई, शिरोळची, शेवटी शेवटी पोटच्या पोरीलाच ओळखेना झाली होती. "कुठल्या पावण्या तुम्ही?" म्हणून विचारायची. शैलानंच तिचं सगळं केलं. ते तिच्या मनात बसलेलं. आता ती गॅस बंद केलाय का बघायला अर्ध्या जिन्यातनं परत जाते. एकदा जेवताना मला म्हणाली, "अहो, माझं आईसारखं व्हायला लागलंय का?" मी म्हणालो, "कायतरीच तुझं. मी हाय की." त्यावर ती इतकी निवांत झाली. तुम्ही हाय म्हणून माझं चाललंय, म्हणाली. बोलायची वेळ तीच होती, नाही का? मी दुसरी भाकरी मागितली.

गेल्या आठवड्यात तिनं स्वतःच डॉक्टरांची वेळ घेतली. मी सोबत गेलो. नवऱ्यानं जायलाच पाहिजे. माझ्या शर्टाची बाही धरून ती अंग चोरून बसली होती. डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून जाणवतंय हे?

"चेन्नईला गेलतो, तेव्हापासनं," ती म्हणाली.

मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. तुम्हाला काय वाटतं?

"व्हय," मी म्हणालो. "तेव्हापासनंच."