भाऊजींचा शनिवारचा तास

लासुर्ण्यापासून बारामतीपर्यंत पोटापाण्याला लागलेला असा एकही माणूस उरला नसेल, ज्याला माझ्या थोरल्या नणंदेच्या यजमानांनी भर रस्त्यात अडवून "तुमी नेमकं काय काम करता?" असं विचारलं नाही. ‘कंपनीत आहे’ हे उत्तर त्यांना चालत नाही. "कंपनी म्हंजी पत्रा. पत्र्याखाली तुमी काय करता?" असं ते पुन्हा विचारतात आणि समाधान होईपर्यंत समोरच्याच्या गाडीचं हँडल सोडत नाहीत. त्यांच्या पुतणीला बघायला आलेल्या मुलालाही त्यांनी हेच विचारलं. पोह्यांच्या बशा गार झाल्या, पण दिवसभर आपण काय करतो हे त्या मुलाला काही सांगता आलं नाही. जमत आलेलं लग्न फिसकटलं. नणंदबाई महिनाभर यजमानांशी बोलल्या नाहीत. भाऊजींना त्याचं फारसं काही वाटलं नाही. "वैनी, एवढा शिकलेला गडी, आन् सोताचं काम सांगता येईना. शाळेत कुणी इच्यारलंच नसंल," असं ते मला म्हणाले. मी शाळेत शिकवते. त्यामुळे बोलणं जिथं लागायचं तिथं लागलं.

भाऊजी स्वतः साखर कारखान्यात पॅनमन होते. म्हणजे काय, हे उसाच्या पट्ट्यात जन्म काढलेल्या मलाही तोवर माहीत नव्हतं. पॅन म्हणजे रस आटवायचं भलंमोठं भांडं. त्यातला थेंब काचेच्या पट्टीवर घ्यायचा, उजेडाकडे धरायचा आणि साखरेचा दाणा धरला की नाही, ते डोळ्यांनी ठरवायचं. घाई केली तर दाणा बारीक राहतो, रेंगाळलं तर एकाला एक चिकटतो. मी बोलावलं तेव्हा हे त्यांनी माझ्या नववीच्या वर्गात येऊन सांगितलं, आणि एरवी शनिवारच्या शेवटच्या तासाला दप्तर भरून बसणारी मुलं घंटा झाल्यावरही उठली नाहीत. तेव्हापासून तो तास भाऊजींचा झाला.

पुढची तीन वर्षं ते दर शनिवारी कुणाला तरी धरून आणत. स्वतःचं रक्त तपासायला गेले आणि तपासणाऱ्या मुलीला घेऊन आले. अहवाल न्यायचा मात्र विसरले. बावड्याच्या बाजूची डाळिंबं निवडणारी एक बाई आणली. तिनं डोळ्यांवर पदर बांधून नुसत्या हाताच्या अंदाजानं तीन आकारांचे तीन ढीग लावले. आमच्या विज्ञानाच्या सरांनी तराजू आणून पडताळलं आणि गुपचूप तराजू परत नेऊन ठेवला. पाहुण्याची भीड मोडेपर्यंत भाऊजी वर्गाबाहेर त्याच्याशी खताच्या, पावसाच्या गप्पा मारत आणि आम्हा शिक्षकांना बजावत, "तुमी मधी बोलू नगा. पोरास्नी इच्यारू द्या." कोण आलं, काय सांगितलं, कोणत्या मुलानं काय विचारलं, हे सगळं मी वहीत क्रमवार उतरवून ठेवत असे. निवृत्त माणसाचा सगळा आठवडा त्या चाळीस मिनिटांवर टांगलेला होता. गुरुवारपासून इस्त्रीचा शर्ट खुंटीला लागायचा आणि नणंदबाईंना त्या खोलीत झाडू मारायची बंदी व्हायची.

मग वरून आदेश आला, की शाळांनी उद्योगांशी नातं जोडावं आणि त्याची माहिती फोटोसह भरावी. आम्ही ते करतच होतो, फक्त फोटोशिवाय. पाहणीला पथक येणार होतं, म्हणून मुख्याध्यापकांनी मला तज्ज्ञांची यादी करायला सांगितली. याद्या करण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही. अर्जात एक रकाना होता: तज्ज्ञाची पदवी. भाऊजींना विचारलं तर ते सरळ म्हणाले, "नववी नापास, लिव्हा की. पोरास्नी ठावं हाय." मुलांना माहीत होतं, पण पथकाला ते कसं दिसेल, असा विचार मी केला आणि त्यांचं नाव गाळलं. त्यांच्यामागोमाग डाळिंबवाल्या बाईचंही गाळलं. त्या जागी एका कंपनीतले टाय लावणारे साहेब लिहिले. भाऊजींना हे सांगायचं राहून गेलं. राहून गेलं असं मी म्हणते. खरं तर माझी जीभ रेटली नाही.

पथक आलं त्या शनिवारी साहेबांनी पडद्यावर चित्रं दाखवत मोठी स्वप्नं बघायला सांगितलं. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि तिनं विचारलं, "सर, सकाळी गेल्या गेल्या तुम्ही आधी काय हातात घेता?" "मोबाइल," साहेब म्हणाले. वर्ग हसला, पथकही हसलं, फोटो निघाला. त्याच वेळी खिडकीतून मला फाटक दिसलं. इस्त्रीच्या शर्टातले भाऊजी उभे होते आणि शेजारी पंप दुरुस्त करणारा एक माणूस हत्यारांची पिशवी घेऊन. आमचा शिपाई फाटकावर दिलेल्या माझ्या यादीच्या कागदावरून बोट फिरवत होता. तो काय म्हणाला, ते त्यानं मला नंतर सांगितलं: "तात्या, तुमचं नाव न्हाय की ह्यात. बाईंचंच अक्षर हाय, बघा." भाऊजींनी कागद हातात घेऊन पाहिला म्हणे. "व्हय, त्यांचंच हाय. लई टापटीप लिव्हत्यात," एवढं बोलून ते पंपवाल्याला चहा पाजायला घेऊन गेले.

शाळेला प्रशस्तिपत्र मिळालं. एक मलाही मिळालं. शनिवारच्या तासाला आता पडद्यावर चित्रफीत लावतात. मुलं दप्तर भरून बसतात. एका मंगळवारी संध्याकाळी मी धीर करून नणंदेकडे गेले. भाऊजींनी माझं अभिनंदन केलं, तेही अगदी मनापासून, आणि हेच मला सहन होईना. "शनिवारी याल ना?" मी विचारलं. त्यांनी दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवले. "गुडघं लई धरल्यात, वैनी. आता हितनं तितं जाणं हुत न्हाय." नणंदबाईंनी चहा टाकला. चहा पिऊन मी उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत जाताना कालव्याच्या चढावर मला भाऊजी दिसले. त्यांना समोरून वारा होता. सायकलवर उभे राहून ते जोरजोरात पायडल मारत येत होते. मी स्कूटर बाभळीमागे घेतली आणि ते पुढे निघून जाईपर्यंत तिथंच थांबले.