चौऱ्याऐंशीवा दिवस

आमच्या गल्लीतल्या शिलाईवालीकडे झगा शिवायला टाकायचा तर आधी टेबलावर चढावं लागतं. मग गिऱ्हाईक शाळेची मुख्याध्यापिका असो की माझ्यासारखी पंचाहत्तरीची म्हातारी. घेराची उंची ठरवताना इतर शिंपी जमिनीवर गुडघे टेकतात. हिला वाकता येत नाही, म्हणून ती खुर्चीत ताठ बसते आणि घेरच आपल्या डोळ्यांसमोर आणून उभा करते. गल्लीनं तिचं नाव टेबलवाली ठेवलं. तिनं ते पाटीसारखं मिरवलं.

अकरा वर्षांपूर्वी मशीनखाली पडलेलं दोऱ्याचं रीळ उचलायला ती वाकली आणि जमीन उठून भिंतीवर चढली. डॉक्टरांनी सांगितलं, कानाच्या आत तोल सांभाळणारा भाग असतो, तो रुसलाय. औषधानं आवरेल, मुळातून जाईल असं नाही सांगता येत. पण काही जणांचा हा आजार वर्षानुवर्षं झोपून राहतो. त्या काही जणांत आपला नंबर कधी लागतो याची ती वाट पाहत राहिली, लोक बसथांब्यावर पाहतात तशी. कुरकुर नाही, पण नजर रस्त्यावर.

तिच्या घरातल्या सगळ्या वस्तू कमरेच्या वर आणि खांद्याच्या खाली. सगळ्यात खालचे कप्पे रिकामे, वरच्या फळ्या काढलेल्या. मान झटकन वळवावी लागू नये म्हणून तिला कुणी पाठीमागून हाक मारत नाही, समोर येऊन बोलतात. आमच्या नाटक मंडळीत ही एक गोष्ट अंगी बाणवायला दिग्दर्शकाचे सहा महिने जायचे. हे घर न शिकता शिकलं होतं.

यजमान निवृत्त बसचालक. सकाळी चहाचा कप पुढं करताना ते रोज विचारतात, "आज जग कसं आहे?"

"जागेवर आहे," ती म्हणते. वाईट दिवस असला तर, "फिरायला गेलंय." एवढ्यावर विषय संपतो आणि चहा सुरू होतो.

मग गेल्या वर्षी सुनेला मुलगी झाली. टेबलवालीनं नातीसाठी अंगडी शिवली, मांडीवर घेऊन तिला झोपवलं, पण उभं राहून एकदाही उचललं नाही. उभ्यानं उचलायचं आणि नेमकं तेव्हाच जग फिरायला निघालं तर? तिनं स्वतःच नेम घातला: सलग नव्वद दिवस एकही चक्कर नाही, तरच नातीला कडेवर घ्यायचं. सून म्हणाली, "आई, मी शेजारी उभी राहते ना." ही म्हणाली, "तू शेजारी, आणि भीती माझ्या पोटात. नव्वद म्हणजे नव्वद." मोजणी दोनदा मोडली, एकदा एकविसाव्या दिवशी, एकदा चाळिसाव्या. तिसऱ्या खेपेला गाडी ऐंशीच्या पुढं गेली तेव्हा घरात सगळे जपून श्वास घेऊ लागले. पोरगी आठ महिन्यांची झाली होती. "आता मोडली तर ती चालायला लागेल," टेबलवाली मला म्हणाली, "मग कडेवर कोण येतंय?"

चौऱ्याऐंशीव्या दिवशी मी तिच्या टेबलावर उभी होते. आमच्या जुन्या नाट्यगृहाला पन्नास वर्षं होणार होती, हयात असलेल्या नटांना रंगमंचावर बोलावणार होते, आणि मला माझा राणीचा झगा घालायचा होता. झगा होता तेवढाच होता. मी मात्र वयानं दोन बोटं आखूड झाले होते.

"हलू नका हो बाई," टाचण्या ओठांत धरून ती म्हणाली. "नाटकात कधी पुतळ्याचं काम मिळालं नाही?"

"मिळालं होतं. तिसऱ्या प्रयोगाला शिंकले."

"मग काढून टाकलं?"

"नाही, राणी केलं. राणीनं शिंकलं तर चालतं."

ती हसली आणि खडूनं रेघ ओढू लागली. मी तिथंच थांबायला हवं होतं, पण अंगावर तो झगा, पायाखाली फळी. शेवटच्या अंकात राणी सिंहासन सोडताना प्रजेला लवून नमस्कार करते. तो कसा करायचे ते मी तिला दाखवलं.

खडू खाली पडला. तिनं दोन्ही हातांनी खुर्ची धरली.

"झालं," ती म्हणाली. "हललं."

यजमान पाणी घेऊन आले. सून पोरीला घेऊन दारात उभी राहिली. टेबलवालीनं नातीकडं पाहिलं, मग नजर काढून घेतली. "उद्यापासून एक," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता, म्हणूनच मला तो ऐकवेना.

"अगं, तू नाही, टेबल हललं," मी वरूनच म्हणाले. "मी लवले म्हणून."

"बाई, तुमचं मन मोठं आहे. पण माझ्यासाठी नाटक नका करू."

चाळीस वर्षं मी रंगमंचावर खोटं बोलले आणि लोकांनी डोळे पुसले. आयुष्यात एकदा टेबलावरून खरं बोलले, तर हे.

"भांडू नका," यजमान म्हणाले. "गाडी हलली की ड्रायव्हर हलला, हे ओळखायचा एकच उपाय. पुन्हा चालवून बघायची." ते बायकोकडं वळले. "तूच म्हणतेस ना, चक्कर आली की डोळे खोटं सांगतात, हाताला सगळं स्थिर लागतं? मग डोळे मीट आणि हात टेबलावर ठेव."

तिनं डोळे मिटले. दोन्ही तळवे माझ्या पावलांशेजारी टेकवले. मी लवले.

टेबल जागचं हललं नाही.

"बघा," ती डोळे न उघडता म्हणाली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसा आजाऱ्याच्या मनात आजार. तिला तोच खरा वाटत होता.

यजमानांनी मला खालून वरपर्यंत न्याहाळलं. "मघाशी अशाच लवला होतात का? आता तर काचेच्या भांड्यासारख्या लवलात."

खरं होतं. घाबरून मी नमस्काराची नुसती खूण केली होती. मी श्वास घेतला. खिडकीबाहेर समोरच्या घराची भिंत होती, तिला प्रजा मानलं. उजवा पाय मागं सरकवला, सगळा भार डाव्यावर टाकला आणि राणीचं शेवटचं वाक्य, शेवटच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत पूर्ण लवले. टेबलाचा एक पाय उचलला गेला आणि टक्कन खाली बसला.

पोरगी दचकून रडू लागली.

टेबलवालीचे डोळे अजून मिटलेलेच होते. "हाताला लागलं," ती हळूच म्हणाली. मग डोळे उघडून माझ्याकडं पाहिलं. "अकरा वर्षं माणसं चढवते या टेबलावर. कुणी हलवलं नव्हतं."

"त्यांच्यात राणी कुणी नव्हती," यजमान म्हणाले आणि टेबलाच्या पायाखाली सरकवायला पुठ्ठ्याची घडी शोधायला गेले.

"खाली उतरा," ती मला म्हणाली. "सहा दिवस या घरात कुणी कुणापुढं लवायचं नाही."

सहा दिवस मी तिकडं फिरकले नाही. नव्वदावा दिवस सरला, त्याच्या दुसऱ्या सकाळी सून बोलवायला आली. टेबलवाली खोलीच्या मध्यभागी उभी होती, पाय फाकवून, बसमध्ये उभं राहतात तशी. सुनेनं पोरगी तिच्या हातात दिली आणि स्वतःचे हात तसेच पुढं धरून ठेवले.

"लांब हो," सासू म्हणाली. "तू धरलंस तर मी उचललं असं कोण म्हणेल?"

सून दोन पावलं मागं झाली. टेबलवाली पोरीला घेऊन खिडकीशी गेली आणि तिथून दाराकडं चालू लागली. मी मोजलं नाही, पण खिडकीपासून दारापर्यंत आठेक पावलं असतील. पोरीनं आजीचा चष्मा ओढला, आजीनं ओढू दिला, आणि चष्म्यावाचून ती परत खिडकीशी आली. यजमान पाठ करून पुठ्ठा कापत होते. त्या घरात तेव्हा पुठ्ठ्याचं काहीच काम उरलं नव्हतं.

आजार गेला असं ती आजही म्हणत नाही. बाहेरगावी गेलाय म्हणते, आणि पत्ता ठेवून गेलाय म्हणते. मध्ये एकदा येऊन गेला. तिनं पोरगी सुनेकडं दिली, भिंतीला टेकून बसली, तासाभरानं उठली. नव्वदाचा नेम मात्र पुन्हा घातला नाही. दोन दिवस थांबली आणि पोरीला परत कडेवर घेतलं.

पोरगी आता चालते, पण आजी दिसली की हात वर करते. परवा मी डॉक्टरांकडं तिच्यासोबत गेले होते. त्यांनी विचारलं, "चक्कर कशी आहे?"

"ती ठीक आहे," टेबलवाली म्हणाली. "कंबर फार दुखते हो." आणि हे तिनं इतक्या थाटात सांगितलं की डॉक्टरांनी मान वर करून पाहिलं.