निळ्या खडूची खूण

दादाने मशीनचा पट्टा काढून कपाटात कोंबला, कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली, तेव्हा धाकटीच्या तोंडात चार टाचण्या होत्या. त्या एकेक काढून तिने उशीत खोचल्या आणि मग तोंड उघडलं.

"पट्टा दे."

"आधी पाय बरा कर. पॅडल मारून मारून नडगीचा भुगा केलास. बंद आता हे शिवणकाम."

"पाय माझा, मशीन माझं. तुझं काय दुखतं?"

"आई, ऐकलंस हिचं?"

"मला कान नाहीत," आई म्हणाली आणि आत गेली.

धाकटी चोवीस वर्षांची. वर्षभर उजवी नडगी दुखत होती. दिवसा कुरकुर, रात्री ठणका. दुखण्याची साधी गोळी घेतली की अर्ध्या तासात सगळं शांत. पहिल्या डॉक्टरांना तिनेच सांगितलं होतं, गुडघ्याचा फोटो काढा म्हणून. शिवणारीचं डोकं ते! झगा पाठीला चुणी धरतो आणि दोष निघतो खांद्यात. तसंच नडगी दुखते म्हणजे खोट वर कुठेतरी असणार. गुडघा निघाला ठणठणीत. डॉक्टर म्हणाले, "मनाचं असेल. लग्न उरकून टाका." धाकटीने पुढचं ऐकलंच नाही, चपला घालून चालू पडली.

पट्टा गेल्यावर आठ दिवस तिने हाताने काजं केली. पॅडलला पाय लागला नाही, तरी ठणका तेवढाच. म्हणजे मशीनवरचा आळ खोटा! मग दुखेल तेव्हा दुखेल तिथे ती कापडावर खुणा करायचा निळा खडू ओढू लागली. दर वेळी खूण त्याच जागी, बोटाच्या पेराएवढी. ती स्वतःशीच म्हणाली, "ही चुणी नव्हे बाई. कापडात टाचणी राहिलीय."

खूण न धुता ती एकटीच हाडांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली.

"हे काय?" बाईंनी विचारलं.

"इथला फोटो काढा. गुडघ्याचा नको, मनाचा तर नकोच."

बाई हसल्या. रात्री जास्त दुखतं का, गोळीने थांबतं का, हे मात्र त्यांनी दोनदा विचारलं. फोटोत खुणेखालचं हाड जाड दिसलं. सीटी स्कॅनमध्ये त्या जाड हाडात वाटाण्याएवढा ठिपका. निकाल ऐकायला दादाही आला.

"हाडातली गाठ आहे," बाई म्हणाल्या. "कॅन्सर?" दादा ओरडला. "अहो, साधी गाठ. कॅन्सर नव्हे, पसरत नाही. स्कॅनमध्ये बघत हाडात सुई घालायची, टोक तापवून ठिपका जाळायचा. भूल देऊनच. नाहीतर गोळ्या घेत राहायचं, कधी कधी आपोआपही विझते."

"मग गोळ्याच!" दादा म्हणाला. "हाडात कसली सुई घालता?"

"किती वर्षं गोळ्या?" धाकटीने विचारलं.

"दोन, पाच, सांगता येत नाही. पोटालाही बाधतात."

"मी सुईवर पोट भरते, बाई. सुईला मी भिऊ? घाला. आणि ह्याच्यासमोर सांगा, नंतर पॅडल मारू ना?"

"आठ दिवस दम धरा, मग खुशाल मारा. धावणं-उड्या मात्र तीन महिने नकोत."

भूल द्यायच्या आधी तिने हात जोडले. "देवा, हात थरथरू देऊ नकोस. माझा नव्हे, बाईंचा."

दुसऱ्याच रात्री ती गोळीवाचून झोपली. सकाळी आईने तीन हाका मारल्या तरी उठेना, तेव्हा आईने देवापुढे दिवा लावला आणि चौथी हाक मारलीच नाही.

नवव्या दिवशी दादाने न सांगता कपाट उघडलं. पट्टा घेऊन मशीनपाशी वाकला आणि चाकाशी बराच वेळ झटापट करत राहिला.

"हाडाला भोक पाडून घेतलंस, पण ऐकलं नाहीस," तो पुटपुटला.

"नाही ऐकलं," धाकटी म्हणाली. "पट्टा उलटा घालतोयस. सरक बाजूला."