शेवट सांगणारी केशरबाई

पिक्चरचा शेवट आधीच सांगणाऱ्या माणसाची मला भयंकर चीड. जेवायला बसलेल्याच्या ताटात हात घालावा, तसलं ते काम. अंबडच्या पत्र्याच्या टॉकीजात मी अकरा वर्षं ऑपरेटर होतो. मशीन मी चालवायचो, रिळं मी जोडायचो, आणि लोकांनी कुठं दचकायचं ते माझ्या हातात होतं. आन् ह्याच टॉकीजात बायांच्या दारावर कोण? तर केशरबाई. सगळं दारातच सांगून मोकळी!

बायांची बाजू वेगळी, मधे छातीएवढी भिंत. दारावर तिकीट फाडायचं, रडकं लेकरू बाहेर घेऊन फिरवायचं, हे केशरबाईचं काम. पण पोटुशी बाई आली की ती तिचा हात धरायची आणि म्हणायची, "घाबरू नको बरं. म्हातारा पायऱ्या चढायला लागला की डोळे मिटून घे. मरतो तो. पण हिरो वाचतो." झालं! मागं उभ्या असलेल्या वीस बायांनी ऐकलं. मी वरून ओरडायचो, "बाई, तोंडाला कुलूप लावा की जरा!" ती हसायची आन् दुसरं तिकीट फाडायची.

ही सवय तिला लेकीपायी लागलेली. बेबीनंदा तिची एकुलती एक. आष्टीला दिल्ती. पांढरं लुगडं नेसून, बुद्धवंदना होऊन झोकात लगीन लागलं. दीड वर्षानं पोरगी माघारी आली, ती डाव्या कानानं ठार बहिरी होऊन. नवऱ्यानं, त्या संपतनं, मारून मारून कान घालवला. मी बी मूळचा आष्टीचाच. बेबी माघारी आल्यावर आमच्याच गावची एक बाई केशरबाईला भेटायला आल्ती आणि पदर डोळ्याला लावून म्हणली, "म्हाईत तर समद्या गावाला होतं गं. त्याच्या पयलीचाबी हातच मोडला होता. पर जमलेलं लगीन मोडायचं पाप कोण घेईल?"

तवापासून मायलेकी टॉकीजच्या मालकानं, शेठनं दिलेल्या मागच्या खोलीत राहायच्या. बेबी बायांच्या बाजूला शेवटच्या बाकड्यावर बसायची. गलक्यात तिला बोलणं उमगायचं न्हाई, म्हणून केशरबाई तिच्या उजव्या बाजूला टेकून कानात सांगायची: आता हा असं म्हणला, आता ती रडून राह्यली. सांगता सांगता आजूबाजूच्या बायाबी कान लावायला लागल्या. अशी ती सगळ्या बायांचीच सांगणारी झाली.

चौऱ्याहत्तर साली आमच्याकडं तो डिटेक्टिव्हचा पिक्चर आला. नाव काय करायचंय, नाव विसरलेलंच बरं. एका गावात नव्या नवऱ्या एकामागं एक मरतात. डिटेक्टिव्ह सगळ्यांवर संशय घेतो: डॉक्टरवर, माळ्यावर, दिरावर. आन् खुनी निघतो तो नवराच, गायीसारखा गरीब, रोज निजताना बायकोला हळद घातलेलं दूध आणून देणारा. बरं, डिटेक्टिव्ह पोचतो तो उशिरा. बाई मेलेलीच असते. रिकामा पेला दाखवून पिक्चर संपतो.

अंबडनं असलं काही पाहिलं नव्हतं. पहिल्या खेळाला लोक बाहेर आले ते मयतीहून आल्यासारखे. कोर्टातले भालचंद्र वकील चहाच्या गाड्यावर हातवारे करून सांगत होते, "अहो, नुसत्या पेल्यावर काय केस उभी राहते? हा पुरावा टिकणारच नाही!" कडूबा हमाल शेठच्या अंगावर धावून गेला, "गाणं न्हाई, मारामारी न्हाई, आन् खुनी सापडूनबी बाई मेलीच, मंग आम्ही काय बघितलं?" एक मास्तर सलग तीन दिवस आले. मला म्हणाले, "ऑपरेटर, शेवटचं रीळ बदलता येत नाही का हो?" मी हसलो. पण त्या पेल्याशी आलं की मीबी पडद्यावरून नजर काढायचो, खोटं कशाला बोलू.

शेठ जगन्नाथ खूश. रहस्य टिकलं तर पिक्चर महिनाभर चालणार. त्यानं दारावर पाटीच लावली: शेवट कोणीही सांगू नये.

आन् बाजारच्या दिवशी दुपारच्या खेळाला केशरबाईनं सांगितला! एका पोटुशीला हळूच म्हणली, "नवराच हाय तो. दुधाचा पेला आला की डोळे मीट." इंटरवलच्या आधीच बायांच्या बाजूनं एकच कालवा. नवरा पेला घेऊन आत आला की साठ बाया पडद्याला ओरडतात, "अगं, पिऊ नको! मोरीत ओत! आगं, मागं बघ त्याच्याकडं, मेल्याकडं!" भिंतीपलीकडच्या गड्यांना डिटेक्टिव्हच्याही आधी खुनी कळला. मग जी बोंब उठली! शिट्ट्या काय, पैसे वापस काय. मला मशीन बंद करावी लागली.

मी रागानं लालबुंद. मीच जाऊन शेठला सांगितलं की ही बाई ठेवली तर धंदा बसला समजा. शेठनं तिला सगळ्यांदेखत झापलं, "केशरबाई, शेवटचं सांगतो. पुन्हा एका बाईच्या कानाला लागलेली दिसलीस, तर त्याच दिवशी खोली खाली करायची. बिलकुल ऐकून घेणार न्हाई."

खोली गेली तर त्या बहिऱ्या लेकीला घेऊन ती जाणार कुठं? हे मलाबी कळत होतं, तिलाबी. आठवडाभर केशरबाई गप. तिकीट फाडायची आन् खाली बघायची. बाया विचारायच्या, "मावशी, काय हाय गं ह्याच्यात?" ती मान हलवायची. मला वाटलं, चला, बाई सुधारली.

पुढचा बाजार आला. खेळ सुरू व्हायला वेळ होता. माझ्या मशीनचा लोखंडी जिना बायांच्या दाराशीच उतरायचा, तिथं पायरीवर मी बिडी ओढत बसलो होतो. शेठ पलीकडं चहाच्या गाड्यापाशी उभा, नजर सगळी दारावर. पुष्पाबाई नावाची बाई आली, शेजारच्या खेड्यातली, सोबत सतरा-अठराची पोरगी. हातात कासारानं नुकत्याच भरलेल्या हिरव्या बांगड्या. लग्नाच्या खरेदीला आल्त्या, आन् पोरीची हौस म्हणून पिक्चरला.

"कुठं दिली?" केशरबाईनं सहज विचारलं.

"आष्टीला," पुष्पाबाई कौतुकानं म्हणली. "बिजवर हाय, पर लई गरीब स्वभावाचा. मान वर करून बोलत न्हाई. पयली नांदली न्हाई म्हणं."

"नाव काय जावयाचं?"

"संपत."

मी बिडी विझवली. केशरबाईच्या हातातलं तिकीट अर्धं फाटून तसंच राहिलं. पोरगी बांगड्या वाजवत होती. केशरबाईनं एकदा शेठकडं पाहिलं. शेठनं तिथूनच बोट दाखवलं: खबरदार!

तिनं बेबीला हाक मारली न्हाई, आत जाऊन हाताला धरून आणली. पोरीसमोर उभी केली, बेबीच्या उजव्या कानावर आपला तळवा दाबला आन् म्हणली, "बाय, हिच्या डाव्या कानात बोल. काहीबी बोल."

पोरीला गंमत वाटली. तिनं टाच उचलून कानाला तोंड लावलं आन् म्हणली, "ताई, तुझं नाव काय?" बेबी समोर बघत राहिली. "ताई!" पोरगी पुन्हा म्हणली. बेबी तशीच.

"ही त्याची दुसरी," केशरबाई हळू आवाजात म्हणली. "माझी लेक. हा कान संपतनं घेतला. पयलीचा हात मोडला. तू तिसरी."

पुष्पाबाई फणकारली, "बाई, जमलेलं लगीन मोडतीस व्हय? पाप लागंल!"

"लागू दे की. माझ्या वक्ताला कुणीच घेतलं न्हाई ते पाप. मी घेते."

पोरगी बेबीच्या कानाकडं बघत होती. मग तिनं एकएक करून बांगड्या काढायला सुरुवात केली. पुष्पाबाईनं तिचा हात धरला, पण पोरगी थांबली न्हाई. बांगड्या आईच्या पिशवीत टाकून ती एस.टी.च्या स्टँडकडं चालायला लागली, आई तिच्यामागं.

शेठ धावतच आला. "सांगितलास ना पिक्चर? दोन तिकिटं माघारी गेली!"

मला वाटलं, आता ती खरं सांगेल. पण बाजारचं गाव भोवती जमलेलं. दारातच लगीन मोडल्याचं कळलं असतं, तर त्या पोरीला लोकांनी चघळून खाल्लं असतं. केशरबाईनं पदर सावरला आन् म्हणली, "व्हय. सांगितला." आन् बेबीचा हात धरून खोली आवरायला गेली.

खेळ मी वेळेवर सुरू केला न्हाई. पहिल्यांदाच. शेठला ओढत आत नेला, दार लावलं आन् काय झालं ते सांगितलं. "तिनं पिक्चर न्हाई सांगितला, शेठ." शेठनं दाराच्या फटीतून बाहेर बघितलं. मग म्हणला, "जा, दारावर बस म्हणावं तिला. आन् पोरीचं नाव कुठं काढू नकोस."

निरोप घेऊन मीच गेलो. तिनं गाठोडं सोडलं, पुन्हा दारावर येऊन बसली. मला तिथनं हलवंना. इतक्या वर्षांत जे बोललो न्हाई ते तोंडाशी आलं.

"केशरबाई, बेबीच्या लग्नाच्या वक्ताला मला म्हाईत होतं. संपतचं. पयलीचा हात मोडलेला मी माझ्या डोळ्यानं पाहिल्ता."

तिनं एक तिकीट फाडलं, मग दुसरं.

"म्हाईत हाय मला," ती म्हणली. "पंगतीत बुंदी तुम्ही वाढत होता, अप्पारावदादा. बेबीच्या ताटापाशी तुमचा हात थांबला. मला वाटलं, काहीतरी म्हणताल." तिनं तिसरं तिकीट फाडलं. "जावा, मशीन सुरू करा. बाया खोळंबल्यात."

मी जिना चढून वर गेलो. त्या दिवशी पहिलं रीळ मला दोनदा लावावं लागलं.