थैलीचं तोंड

चर्चच्या मंडळीत तिला सगळे थैलीमावशी म्हणत. उपासनेत दान गोळा करायच्या थैल्या तिनेच शिवलेल्या. लांब, खोल, आणि तोंड इतकं अरुंद की बंद मूठ जेमतेम आत जावी. नवरा गेला त्या वर्षी तिच्या मुठीत एखादं नाणंच असायचं, आणि शेजारची बाई मान वाकडी करून बघायची. तेव्हाच तिने ठरवलं, कुणाच्या मुठीत काय आहे ते कुणाला दिसता कामा नये. लोक चिडवत, "मावशी, ही थैली आहे की पायमोजा?" ती म्हणे, "हात आत जातो ना? मग झालं."

चर्चच्या मागच्या खोलीत तिचा शिवणवर्ग चाले. बायका बहुतेक नवऱ्यांनी वाऱ्यावर सोडलेल्या. त्यांत तिची लेकही होती. जावई चौकातल्या पत्त्यांच्या क्लबात आधी पगार हरला, मग बायकोच्या पाटल्या, आणि शेवटी तोंड काळं करून गेला तो गेलाच.

अशात खोलीतली वायर जळली. मशिनी मुक्या झाल्या. बायका खिडकीशी दाटीवाटीने बसून हाताने टाके घालू लागल्या. गणवेशाचं काम देणारा दुकानदार म्हणाला, माल वेळेवर नाही मिळाला तर काम दुसरीकडे देईन. नव्या वायरिंगला पैसे नव्हते. तेव्हा चौकातला तोच पत्त्यांचा क्लबवाला म्हणाला, मी देतो.

शनिवारी पाळकसाहेब थैली हातात घेऊन आले. भला माणूस. त्यांच्या झग्याची झिजलेली कॉलर मावशीनेच उलटून शिवली होती.

"मंडळीच्या पंचांनी ठरवलंय, क्लबवाल्याचा पैसा, त्याच्या नावाने काही घ्यायचं नाही."

"बरं झालं."

"तो उद्या थैलीत टाकेल. थैलीत पडलं की देवाचं झालं, कुणाचं ते कोण विचारतं?" पाळकसाहेब खाकरले. "फक्त नोटांचं पुडकं जरा जाड आहे. तोंड दोन बोटं मोठं करून द्या."

मावशीने चष्मा काढला. "साहेब, ही मी गरिबाची लाज झाकायला शिवली. त्याची नाही."

"पैसा काही पापी नसतो, मावशी."

"नसेल. मग उघड घ्या. त्याला पुढे उभा करा, या बायकांच्या घरातून काय काय गेलं ते त्याच्या तोंडावर सांगा, आणि मग घ्या."

"असं केलं तर तो देणारच नाही."

"मग तो देत नाहीये. लपवतोय."

पाळकसाहेब थैली मशिनीवर ठेवून निघून गेले. लेक सगळं ऐकत होती.

"आई, त्यात माझ्या पाटल्या आहेत. आपलंच आपल्याकडे येतंय तर येऊ दे ना. थैलीचे चार टाके उसवायचेत, तुझं काळीज नाही."

मावशी चिडली. "आपलं आहे तर अंधारात कशाला घ्यायचं?"

"अंधारातच बसलोय की."

मावशीने प्रार्थना केली. एरवी सुई हरवली तरी प्रभू शोधून देई, आज मात्र गप्प. तिने कात्री घेतली, एक टाका उसवला, आणि परत घातला.

रविवारी दानाचं गीत सुरू झालं. थैली क्लबवाल्यापुढे आली. पुडकं तोंडाशीच अडकलं. त्याने दाबलं, वळवलं, आडवं केलं. गीत संपलं. पेटीवाल्याने शेवटचं कडवं पुन्हा धरलं, मग पुन्हा. माना वळू लागल्या. तेव्हा तो हसत बायकांच्या बाजूला वाकला.

"मावशी, तुमच्याच वर्गाला आहे. घ्या."

मावशी उभी राहिली. "घेते की. पण कुठून आले, कुणाकुणाचे आले, ते सगळ्यांसमोर सांगून द्या. दोन्ही हातांनी घेईन."

पेटी थांबली. क्लबवाल्याने पाळकसाहेबांकडे बघितलं, पाळकसाहेबांनी हातातल्या पानाकडे. पुडकं खिशात गेलं. जाता जाता त्याने थैलीत दोन नाणी टाकली. ती मात्र अलगद आत गेली.

बाहेर पायऱ्यांवर वर्गातलीच एक बाई म्हणाली, "तुमचं खरं हो मावशी. पण माझ्या पोरांच्या फीचं काय?" दुसरी तर पाठ फिरवून पायऱ्या उतरून गेली.

सोमवारी दुकानदार निम्मं कापड उचलून घेऊन गेला. बरं केल्याचं समाधान म्हणतात, ते मावशीच्या वाट्याला आलंच नाही. तिला क्लबवाल्याचा राग आला, पाळकसाहेबांचा आला, आणि देव क्षमा करो, देवाचाही आला. सरळ माणसांच्या मुठी त्याने एवढ्या लहान का ठेवल्या?

लेकीने स्टूल ओढून खिडकीशी घेतलं. "आता सांग, उजेड कुठून आणणार आहेस?"

मावशीने दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं. सुईत जाईना. पुन्हा केलं, तरी जाईना. लेकीने तिच्या हातून सुई जवळजवळ हिसकावलीच, दोरा ओवला, आणि तिच्याकडे न बघता सुई परत तिच्या हातात दिली.